शनिवारच्या चहाचे सोबती

अमेरिकेच्या नभोवाणीवर १९५३ साली महाविद्यालयीन संघांची प्रश्नमंजूषा सुरू झाली. 'कॉलेज बोल' हे तिचे नाव. १९५९ मध्ये ती दूरचित्रवाणीवर गेली आणि त्याच वर्षी 'ट्वेंटी-वन' नावाच्या दुसऱ्या एका कार्यक्रमातील विजेते चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली की, उत्तरे आपल्याला आधीच पुरविली जात होती. ज्ञानाच्या या खेळावरचा लोकांचा भाबडा विश्वास त्या दिवशी तडकला. खेळ मात्र थांबला नाही. तो शाळाशाळांत पोहोचला. आमच्याकडे १९७० च्या दशकात रेडिओवरील 'बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट'ने घराघरांतील मुलांना रविवारी एका जागी बसविले, हे आमच्या पिढीला आठवत असेल.

या खेळाच्या पार्श्वभूमीवर १९९६ साली ई. एल. कोनिग्सबर्ग यांची 'द व्ह्यू फ्रॉम सॅटर्डे' ही बालकादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका मूळच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी. १९६८ साली त्यांना न्यूबेरी पदक मिळाले होते. या कादंबरीने १९९७ मध्ये, म्हणजे तब्बल एकोणतीस वर्षांनी, ते पुन्हा मिळवून दिले. अठराव्या शतकातील लंडनचे पुस्तकविक्रेते जॉन न्यूबेरी यांच्या नावाचे हे पदक १९२२ पासून दिले जाते. १९२८ साली ते धनगोपाल मुखर्जी या बंगाली लेखकाला लाभले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

कथा घडते न्यूयॉर्क राज्यातील एपिफनी नावाच्या काल्पनिक गावी. तीन राजांच्या सणाचे हे नाव लेखिकेने उगाच निवडले असेल असे आम्हांस वाटत नाही. मिसेस ओलिन्स्की या शिक्षिका मोटार-अपघातात पतीला आणि पायांतील शक्तीला मुकल्या आहेत. दहा वर्षांनी त्या चाकाच्या खुर्चीतून वर्गात परततात. पहिल्याच दिवशी आपल्या अवस्थेचे वैद्यकीय नाव त्या फळ्यावर लिहितात आणि पाठ वळताच कुणीतरी ते पुसून तिथे हिणकस शब्द लिहितो. अशा वर्गातून त्यांना सहावीच्या चार मुलांचा संघ उभारायचा आहे.

नोआ, नादिया, ईथन आणि ज्युलियन सिंग अशी ही चौघे. ज्युलियन भारतीय वंशाचा. त्याचे वडील जहाजावरचे बल्लवाचार्य, आता गावात अतिथिगृह चालविणारे. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि निराळे उच्चार यांमुळे बसमध्ये त्याची टर उडविली जाते. त्याच्या चामडी दप्तरावर टवाळांनी अपशब्द लिहिला, तेव्हा त्याने त्यात आणखी अक्षरे जोडून त्याचा 'प्रवासी' असा अर्थ करून टाकला! हाच मुलगा उरलेल्या तिघांना शनिवारी चार वाजता चहाला बोलावतो. मैत्री तिथे जुळते. सराव मागाहून येतो. पुढे त्याच टवाळांचा सूड घेण्याची संधी हाती येते आणि तो ती सोडून देतो.

आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती उत्तरांची कुळकथा. नोआला सुलेखन येते, कारण फ्लोरिडातील निवृत्तांच्या वसाहतीत एका लग्नाच्या तयारीत त्याने ते एका वृद्धेकडून शिकले. नादियाला सारगासो समुद्र ठाऊक आहे, कारण आजोबांबरोबर किनाऱ्यावर फिरताना तिने कासवांची पिले पाहिली आहेत. पाठांतराच्या वहीतून यातले काहीच आलेले नाही. धर्मग्रंथावरील स्पर्धांचे प्रश्न आम्हीही कधीकाळी काढले. मुलांनी वंशावळ्या घडाघडा म्हणाव्यात, आम्ही गुण द्यावेत, आणि शेजारच्या आजीचे नाव त्यांना ठाऊक नसावे, असेच ते चालले होते.

एक उणीव नोंदवितो. एका फेरीत आद्याक्षरांपासून बनलेले शब्द विचारले असता ज्युलियन 'पॉश' हा शब्द देतो. हिंदुस्थानकडे जाताना डावी आणि परतताना उजवी बाजू, अशा सावलीच्या खोल्या घेणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या तिकिटांवरून तो आला, अशी कथा आहे. कोशकार ती मानीत नाहीत. तिला पुरावा नाही. तरीही जहाजावर वाढलेल्या मुलाला ती कथा खरी वाटावी, हे स्वाभाविकच.

आल्बनी येथे राज्याची अंतिम फेरी हा संघ जिंकतो. हे चौघे का निवडले, याची कारणे मिसेस ओलिन्स्की विचारणाऱ्यागणिक निरनिराळी देत आलेल्या असतात. खरे कारण त्यांनाही ठाऊक नसते. मुलांनी एकमेकांना आधीच निवडलेले असते, हे त्यांना विजयानंतर ज्युलियनच्या वडिलांशी बोलताना उमगते.