देश हरवला, वकिलात चालू आहे

२४ फेब्रुवारी १९७१. न्यूयॉर्कच्या बोचऱ्या थंडीतून तुम्ही रॉकफेलर सेंटरमध्ये शिरता, लिफ्टनं वर जाता आणि एस्टोनियाच्या वकिलातीचं दार ढकलता. मॉस्कोच्या लेखी हा स्वतंत्र देश ३० वर्षांपूर्वीच संपला. इथं मात्र त्याचा निळा-काळा-पांढरा ध्वज दिमाखात उभा आहे. एस्टोनियाची राजधानी तालिनमध्ये तो फडकावलात तर तुरुंगात जाल. आज एस्टोनियाचा स्वातंत्र्यदिन, आणि दरवर्षीप्रमाणे अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या शुभेच्छा आल्या आहेत.

तुमच्या पुढे एक बाई पासपोर्ट घेऊन उभ्या आहेत. १९४४ साली सोव्हिएत लाल सैन्य एस्टोनियात परत आलं, तेव्हा हजारोंसारख्या त्याही होडीत बसून स्वीडनला पळाल्या. टेबलापलीकडे महावाणिज्यदूत अर्न्स्ट याकसन. वय ६५, आणि १९३२ पासून याच शहरात. ते नाव, जन्मगाव, तारीख तपासतात, मुदत वाढवतात, शिक्का मारून सही करतात. हा पासपोर्ट अमेरिका मानते.

पण या कचेरीचं भाडं कोण भरतं? त्यासाठी जुलै १९४० मध्ये चला. सोव्हिएत फौजांनी एस्टोनिया व्यापून महिना झालाय. १५ तारखेला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट एस्टोनियासह बाल्टिक देशांच्या अमेरिकेतल्या ठेवी गोठवतात, म्हणजे त्या मॉस्कोच्या हाती पडणार नाहीत. २३ तारखेला परराष्ट्र खात्याचे सम्नर वेल्स जाहीर करतात, की बळानं गिळलेला देश आम्ही गिळलेला मानणार नाही. न्यूयॉर्कचे एस्टोनियन अधिकारी आपली जागा सोडत नाहीत. त्या गोठवलेल्या ठेवींतूनच पुढे वकिलातीचा खर्च भागतो.

पुन्हा १९७१ मध्ये या. लंडनमध्ये ऑगस्ट टोर्मा १९३४ पासून एस्टोनियाची बाजू सांभाळताहेत, पण ब्रिटन त्यांच्या जागी नवा माणूस मान्य करायला तयार नाही. अमेरिकेनं मात्र १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलातीचे आधीचे प्रमुख योहानेस काइव वारल्यावर याकसन यांना त्यांच्या जागी स्वीकारलं. ही जागा कुणी ना कुणी चालवत राहिलं, म्हणून धागा तुटला नाही.

आता २० वर्षं पुढे. २० ऑगस्ट १९९१ ला तालिन स्वातंत्र्य पुन्हा जाहीर करतं. १७ सप्टेंबरला एस्टोनिया संयुक्त राष्ट्रांचा सदस्य होतो. तुमच्यासमोर ८६ वर्षांचे याकसन आहेत, वॉशिंग्टन आणि संयुक्त राष्ट्रं या दोन्ही ठिकाणी आपल्या देशाचे राजदूत. अमेरिकेला एस्टोनिया नव्यानं जन्मलेला देश मानावा लागत नाही. जुनेच राजनैतिक संबंध पुन्हा सुरू होतात.

आजही १४ लाखांहून कमी वस्तीच्या या देशाला रणगाड्यांशी लढून हे साधलं नसतं. अर्धशतकभर पासपोर्टची मुदत वेळेवर वाढवणाऱ्या आणि कागद साक्षांकित करणाऱ्या मूठभर माणसांनी ते साधलं. एस्टोनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास सांगताना त्यांची नावं सैनिकांच्या बरोबरीनं घ्यायला हवीत.