काचेचे छत

पात्रता आणि अनुभव असूनही स्त्रियांना कंपनीच्या सर्वोच्च पदापासून दूर ठेवणाऱ्या, कोणत्याही नियमात न लिहिलेल्या अडथळ्यांना उद्देशून वापरली जाणारी संज्ञा. अमेरिकेतील मॅरिलिन लोडन यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिसंवादात ती वापरली. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधील १९८६ च्या लेखानंतर ती सर्वतोमुखी झाली.

भारतात मात्र अडथळा पुष्कळदा उघड लिहिलेला असे. १९७४ मध्ये टाटा समूहातील टेल्को या कंपनीच्या अभियंता-भरतीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी ओळ होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला. पुण्यात त्यांची मुलाखत झाली आणि त्या तिथे रुजू झाल्या. छापील ओळीला असे उत्तर देता आले. पुढच्या अडथळ्यांविरुद्ध तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हेच कळत नाही.

‘वर’ पोचण्याची वाट खालून, कारखान्यातून किंवा विक्रीच्या दौऱ्यांतून जाते, आणि खरी अडवणूक तिथेच होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामाला सामान्यतः मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. पण तिसऱ्या पाळीत यंत्र बंद पडले, माल अडकला, कामगार खोळंबले की निर्णय घ्यावा लागतो. पुढे बढतीच्या वेळी विचारला जाणारा ‘प्रत्यक्ष उत्पादनाचा अनुभव’ तो हाच. तो नाकारलेल्या स्त्रिया मनुष्यबळ, जनसंपर्क, विधी अशा विभागांकडे वळवल्या गेल्या. ही खाती महत्त्वाची खरी, पण नफ्यातोट्याची जबाबदारी त्यांच्याकडे नसते आणि मुख्य कार्यकारी अधिकारी बहुधा ती जबाबदारी सांभाळलेल्यांतूनच निवडला जातो. २०२० च्या श्रमसंहितेने संमती व सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली.

अडवणुकीचा दुसरा टप्पा तिशीतला. बढतीसोबत बदली येते आणि त्याच सुमारास मूल लहान असते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली, ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पण वडिलांसाठी तशी रजा त्या कायद्यात नाही. त्यामुळे घर हे बाईचेच काम, हा समज कायद्यानेही मोडला नाही. स्टेट बँकेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष (२०१३) अरुंधती भट्टाचार्य यांनी मुले किंवा वृद्ध यांच्या देखभालीसाठी स्त्री कर्मचाऱ्यांना दोन वर्षांची रजा देऊ केली, ती ही अडचण जाणूनच.

२०१३ च्या कंपनी अधिनियमाने सर्व सूचिबद्ध व ठरावीक मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे सक्तीचे केले. काही कंपन्यांनी प्रवर्तकांच्या घरातल्याच स्त्रीला बसवून अट भागवली. भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने मग २०१९ पासून पहिल्या ५०० आणि २०२० पासून पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना स्वतंत्र स्त्री संचालक नेमायला लावले. ही सुधारणा आवश्यकच होती. तरी संचालक मंडळातील खुर्ची म्हणजे कंपनी चालवण्याचा अधिकार नव्हे, आणि त्या अधिकाराच्या पदासाठी अशी कोणतीही अट नाही.

तरीही काही जणी त्या पदापर्यंत पोचल्या. मूळच्या कोल्हापूरच्या आणि सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंता झालेल्या लीना नायर २०२२ मध्ये ‘शनेल’ या फॅशन कंपनीच्या जागतिक प्रमुख झाल्या. १९३३ पासून भारतात असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरला पहिल्या स्त्री मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रिया नायर, १ ऑगस्ट २०२५ रोजी मिळाल्या. त्या कंपनीत आल्या होत्या १९९५ मध्ये.