क्रूझ वेग (प्रोपेलर विमान)

क्रूझ वेग म्हणजे चढाई संपवून ठरावीक उंचीवर स्थिरावलेले विमान उतरण्यास सुरुवात करेपर्यंत जो वेग राखते तो वेग. प्रोपेलर विमानात तो केवळ थ्रॉटलवर ठरत नाही. इंजिनाची शक्ती, पंख्याच्या फेऱ्या, उंची, हवेचे तापमान आणि विमानाचे वजन या सर्वांचा तो एकत्रित परिणाम असतो. कमाल वेग आणि क्रूझ वेग या भिन्न गोष्टी आहेत.

वेग आणि शक्ती

क्रूझच्या वेगात हवेच्या रोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवण्यासाठी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढवावी लागते. वेळ मात्र जेमतेम ९ टक्के वाचतो. त्यामुळे पिस्टन इंजिनाची लहान विमाने क्रूझमध्ये सहसा कमाल शक्तीच्या ५५ ते ७५ टक्क्यांवर चालवली जातात.

पिस्टन इंजिन

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते पस मॉथ विमान स्थिर कोनाच्या पंख्याचे होते. अशा विमानात थ्रॉटल पुढे सारला की फेऱ्या आणि शक्ती दोन्ही वाढतात. स्थिर-गती पंख्यात मात्र गव्हर्नर पात्यांचा कोन बदलून फेऱ्या कायम राखतो. वैमानिक मॅनिफोल्ड दाब आणि फेऱ्या स्वतंत्रपणे ठरवतो. शक्ती कमी करताना सामान्यतः आधी दाब आणि मग फेऱ्या कमी करतात. वाढवताना हा क्रम उलटा असतो.

तिसरे नियंत्रण मिश्रणाचे. उंचीवर हवा विरळ असल्याने इंधनाचे प्रमाणही कमी करावे लागते. ते न केल्यास पुस्तिकेत दिलेला पल्ला मिळत नाही व टाकी अपेक्षेपूर्वी रिकामी होते. उलट, जास्त शक्तीवर मिश्रण फार विरळ केल्यास सिलिंडर तापून इंजिनाला इजा होऊ शकते.

टर्बोप्रॉप

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव तालुक्यात काकडी येथे असलेल्या शिर्डी विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. येथील सुरुवातीची मुंबई सेवा अलायन्स एअरच्या एटीआर ७२ या टर्बोप्रॉप विमानांनी दिली. या विमानाच्या ७२-६०० आवृत्तीचा कमाल क्रूझ वेग ताशी सुमारे ५१० किमी आहे. उड्डाण घेताना तिचा पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेतो. क्रूझमध्ये ते ८२ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ९८४ पर्यंत उतरवले जातात. त्यामुळे केबिनमधील आवाज कमी होतो. इंजिनाची शक्ती येथे टॉर्कच्या टक्केवारीत वाचतात.

मुंबई ते काकडी हे सरळ अंतर सुमारे १७० किमी आहे. ते सगळे ताशी ५१० किमी वेगाने कापले तर २० मिनिटे लागतील, ४६० किमी वेगाने सुमारे २२. प्रत्यक्षात या अंतराचा मोठा भाग चढाई आणि उतरण्यातच जातो, त्यामुळे हा दोन मिनिटांचा फरकही पूर्ण मिळत नाही. जेट विमानालाही इतक्या जवळच्या मार्गावर आपला खरा क्रूझ वेग गाठून तो राखण्यास फारसा वाव नसतो.