थेट आंतरजालीय चित्रप्रक्षेपणातील खंड व विलंब

घडत असलेल्या प्रसंगाची दृश्ये व ध्वनी आंतरजालावरून त्याच वेळी प्रेक्षकांपर्यंत पोहोचविताना दोन दोष प्रामुख्याने उद्भवतात. चित्र मध्येच गोठणे हा खंड होय. व्यवहारात त्यालाच बफरिंग म्हणतात. चित्र सलग चालत असूनही प्रत्यक्ष घटनेच्या मागे राहणे हा विलंब होय. सामान्यतः हे दोन्ही दोष एकच मानले जातात व त्यांचे खापर जोडणीच्या वेगावर फोडले जाते. वस्तुतः एकावरील उपाय हे दुसऱ्याचे कारण ठरते. ग्राही उपकरणात काही सेकंदांचे चित्र आगाऊ साठविले, की खंड टळतो. परंतु साठा जितका मोठा तितका विलंब अधिक. या तंत्राचा इतिहास बव्हंशी ही देवघेव कमी खर्चाची करण्याच्या प्रयत्नांचा आहे.

दोषांचे मूळ आंतरजालाच्या रचनेतच आहे. जुन्या दूरध्वनी पद्धतीत संभाषण संपेपर्यंत दोन टोकांमधील मार्ग राखून ठेवला जाई. १९६०–७० या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे वेगळी कल्पना मांडली : माहितीचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेटे, पाडून ती सामाईक मार्गांवरून पाठवावयाची. १९६९ मध्ये सुरू झालेले आर्पानेट हे जाळे याच तत्त्वावर चाले. यात प्रत्येक पॅकेटास लागणारा वेळ निराळा असतो. पत्राला वा संचिकेला त्याने बाध येत नाही. ध्वनी मात्र तुटतो. डॅनी कोहेन व त्यांचे सहकारी यांनी १९७३-७४ मध्ये आर्पानेटवरून बोलणे पाठविण्याचे प्रयोग केले, तेव्हा आलेली पॅकेटे ग्राही टोकाला किंचित रोखून मग समान गतीने सोडण्याची युक्ती योजावी लागली. आजच्या बफराचे हे पूर्वरूप होय. हरवलेल्या पॅकेटाची वाट पाहत थांबण्यापेक्षा ते सोडून पुढे जावे, कारण संभाषणात उशिरा आलेला शब्द निरुपयोगी असतो, असा कोहेन यांचा आग्रह होता. पुनःप्रेषणाची हमी न देणारा यूडीपी हा नियमसंच १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामागे हाच विचार होता.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांमधील सु. ३६५ मी. अंतरावर वहनाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तारा शाबूत होत्या. कोंडी झाली होती ती एकाच माहितीच्या अधीर पुनःप्रेषणामुळे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय सुचविला. पॅकेट हरवणे ही कोंडीची खूण समजून प्रेषकाने स्वतःच वेग कमी करावा, असा तो होता. टीसीपी या नियमसंचाने चालणारे सर्व प्रक्षेपण आजही या शिस्तीच्या कोणत्या ना कोणत्या रूपाने बांधलेले आहे.

१९९२ पासून एमबोन या प्रायोगिक जाळ्यावरून बैठकांचे ध्वनिप्रक्षेपण होऊ लागले. २४ जून १९९३ रोजी पालो आल्टो येथील झेरॉक्स संशोधन केंद्रातून सिव्हिअर टायर डॅमेज या वाद्यवृंदाचा कार्यक्रम प्रक्षेपित झाला आणि तो ऑस्ट्रेलियातही पाहिला गेला. भारतात विदेश संचार निगमाने आंतरजाल सर्वसामान्यांस खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि त्या काळच्या दूरध्वनी जोडणीवर चित्र पाहणे ही कल्पनाच होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेतील एका वेषभूषा-प्रदर्शनाच्या प्रक्षेपणाकडे सु. १५ लक्ष लोक वळले आणि अनेकांना चित्र दिसलेच नाही. अडथळा प्रेक्षकाच्या घरात नसून उगमापाशीही असू शकतो, हे अशा प्रसंगांनी दाखवून दिले. एकाच उगमावर भार पडू नये म्हणून प्रेक्षकांच्या जवळ अनेक ठिकाणी प्रती ठेवणारी वितरणजाळी याच सुमारास उभी राहिली. टॉम लेटन व डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेली अकामाय ही त्यांपैकी आद्य संस्था.

पुढचा टप्पा अनुकूली प्रक्षेपणाचा. यात चित्राचे काही सेकंदांचे खंडुक पाडतात व प्रत्येक खंडुक निरनिराळ्या सुस्पष्टतेत तयार ठेवतात. जोडणी मंदावली, की ग्राही उपकरण आपोआप कमी सुस्पष्ट खंडुक मागविते. ॲपलची एचएलएस पद्धत २००९ मध्ये आणि डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले. खंड पुष्कळ घटले, पण किंमत विलंबाने चुकती झाली. आरंभीचे खंडुक १० सेकंदांचे असे आणि प्रेक्षणास किमान तीन खंडुकांच्या मागून सुरुवात करावयाची असल्याने विलंब ३० सेकंदांवर जाई. शेजारच्या घरातील दूरचित्रवाणीवर षटकाराचा जल्लोष ऐकू यावा आणि आपल्या भ्रमणध्वनीवर गोलंदाज अजून धावत असावा, हा अनुभव क्रिकेटच्या प्रेक्षकांस नवा नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी सु. ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढ्या समुदायासाठी सलगता राखावयाची, तर काही सेकंदांचा विलंब पत्करणेच शहाणपणाचे ठरते. खंडुकांचे आणखी लहान भाग पाडून विलंब आटोक्यात आणण्याच्या पद्धती २०१८ नंतर प्रचारात आल्या.

साठ्याचा अतिरेकही घातक असतो. जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरातील जोडणीवर मोठी संचिका पाठविताना विलंब एक सेकंदाहून अधिक झाल्याचे आढळले. स्मृती स्वस्त झाल्याने उत्पादकांनी मोडेम व राउटर यांत प्रचंड साठे ठेवले होते. त्यांत पॅकेटे हरवत नसत, पण रांगेत तिष्ठत राहत. त्यामुळे जेकबसन यांच्या उपायास आवश्यक असलेली कोंडीची खूणच प्रेषकास वेळेवर मिळत नसे. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व स्वतः जेकबसन यांनी कोडेल ही रीत मांडली. तीत रांगेची लांबी न मोजता पॅकेट किती वेळ तिष्ठले ते मोजतात आणि मर्यादा ओलांडल्यास काही पॅकेटे मुद्दाम टाकून देतात. अधिक वेगाची जोडणी घेऊनही अनेक घरांत दोष का टिकून राहतो, याचे उत्तर येथे आहे.

दोषाचे निदान त्यामुळे वेगमापनाने पुरे होत नाही. इतर कार्यक्रम सुरळीत चालून एकच अडत असेल, तर दोष बहुधा उगमाकडचा असतो आणि प्रेक्षकाने उपकरण पुनःपुन्हा चालू-बंद करण्यात अर्थ नसतो. राउटरला तार जोडून पाहिल्यावर अडथळा नाहीसा झाला, तर बिनतारी जोडणी सदोष समजावी. भिंती, अंतर आणि त्याच कंप्रतेवरील शेजाऱ्यांची उपकरणे ही तिची नेहमीची कारणे. ध्वनी अखंड असून चित्र झटके देत असेल, तर उपकरणाची विसंकेतनक्षमता अपुरी पडत असते; तेथे सुस्पष्टता कमी करणे उपयोगी पडते. घरात कोणी छायाचित्रे वा संचिका पाठवू लागताच चित्र अडत असेल, तर रांग तपासावी : जोडणी रिकामी असताना व भरलेली असताना प्रतिसादास लागणाऱ्या वेळांत मोठी तफावत आढळली, तर राउटरमध्ये कोडेलसारखी रीत चालू करणे किंवा प्रेषणाचा वेग जोडणीच्या क्षमतेहून थोडा कमी बांधणे हा उपाय आहे. केवळ विलंबाची तक्रार असेल, तर प्रक्षेपणाच्या ताज्या टोकाशी उडी घेता येते. मात्र तसे करताना साठा आखडतो आणि जोडणी डळमळीत असल्यास खंड पुन्हा सुरू होतात.