सात रंगांची माती आणि एक खाडा

आजचा एपिसोड ऐकायचा असेल तर हेडफोन लावा. वाचायचा असेल तर नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहून दिलंय. बोलताना अडखळलो होतो, ते तेवढं काढून टाकलंय.

नवीन कुणी असेल त्यांच्यासाठी सांगतो. मी मांजरसुंब्याचा. बीडहून सोलापूरकडे निघालात की घाट चढून आमचं गाव लागतं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी इथे गाडी थांबवून चहा घेतला असेल. चौकात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसा स्क्रीन बदलतो, रात्री इतिहास वाचतो आणि जमेल तसा तुम्हाला सांगतो.

गेल्या सप्टेंबरात मी मॉरिशसला जाऊन आलो. हसू नका. पुण्यातला एक मित्र सहली नेतो, त्याच्या ग्रुपमधली एक सीट आयत्या वेळी रिकामी राहिली. त्यानं पैसे भरले, मी हप्त्यानं फेडतोय. आई म्हणाली, "म्हणजे तूबी उचलच घेतली की." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तिकडे गेल्यावर तेच वाक्य डोक्यात घुमत राहिलं.

आधी जे बघायला सगळे जातात ते सांगतो. मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातलं, मादागास्करच्या पूर्वेला सुमारे 800 किलोमीटरवर असलेलं बेट. मुख्य बेट 1865 चौरस किलोमीटरचं. आपला बीड जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात तशी पाच बेटं मावतील. बेटाला जवळपास सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. तळ दिसतो, मासे दिसतात. बिंदुसरा धरणावर पोहायला शिकलेल्या माणसाला ते पाणी खोटंच वाटतं.

रीलमध्ये दिसणारा तो 'समुद्राखालचा धबधबा'ही तिथलाच. नैऋत्य टोकाला, ल मॉर्न नावाच्या डोंगरापाशी. तो खरा धबधबा नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ कड्यावरून वाळू आणि गाळ खोल समुद्रात ओढला जातो, आणि वरून बघताना पाणीच खाली कोसळतंय असा भास होतो. त्यासाठी हेलिकॉप्टरमध्ये बसावं लागतं. तिकीट ऐकून मी तो मोबाईलवरच बघितला.

मग शामारेल. तिथे शंभर मीटरच्या आसपास उंचीचा धबधबा आहे आणि त्याच्या पुढे सात रंगांची माती. लाल, तपकिरी, जांभळी, निळसर अशा छटांचे उघडे उंचवटे, त्यावर गवताची काडी नाही. लाकडी कठड्याच्या बाहेरून बघायचं, आत पाय ठेवायचा नाही. ज्वालामुखीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, लाखो वर्षं ऊन-पावसात कुजला. जे सहज विरघळतं ते वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. ते रंग त्यांचे.

आता मजा ऐका. हा काळा दगड आपल्या ओळखीचा आहे. आपला बालाघाट, आपला घाट, विहीर खोदताना लागतो तो पाषाण, सगळं बेसॉल्टच. भूवैज्ञानिकांचं मत असं की पृथ्वीच्या पोटात एक तापलेली जागा आहे. मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाच्या नावानं ती ओळखली जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड त्या जागेवरून सरकत होता, तेव्हा लाव्हा ओतला गेला आणि दख्खनचं पठार झालं. भूखंड उत्तरेला निघून गेला, जागा तापतच राहिली. तिनंच खूप नंतर, साधारण 80-90 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर काढलं. चूल तीच, तवा सरकत गेला. कठड्यापाशी उभा राहून मी सोबतच्यांना हे सांगत होतो. निम्म्यांनी ऐकलं, निम्मे काचेच्या नळीत भरलेली सात रंगांची माती विकत घेत होते.

इथवर सहल मजेत चालली होती. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस लागला.

ऊस मला नवा नाही. माझे आई-आण्णा ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की टोळी निघायची. माझे लहानपणीचे बरेच हिवाळे कोपीत गेले. कोपी म्हणजे उसाच्या फडाशेजारची पाचटाची झोपडी. पण या उसात मला एक गोष्ट कळेना. शेतात मध्येच काळ्या दगडांचे उंच ढीग रचलेले. काही तर पायऱ्यापायऱ्यांचे, पिरॅमिडसारखे. मी ड्रायव्हरला हिंदीत विचारलं, "ये क्या है?"

ड्रायव्हर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा असेल. म्हणाला, "जे लोक भारतातून आले, त्यांनी हातानं शेतातले दगड वेचले. तेव्हा कुठे ऊस लावता आला." मग त्यानं मला गाव विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यानं गाडी हळू केली आणि मराठीत म्हणाला, "आम्ही पण मराठी." पुढचं बोलणं पुन्हा हिंदीत आणि थोडं इंग्रजीत झालं, कारण त्याची घरातली भाषा क्रिओल. पण तेवढं एक वाक्य त्यानं जपून ठेवलेलं होतं.

त्यानं सुरुवात करून दिली, बाकीचं मी परत आल्यावर वाचलं.

या बेटावर मूळचे रहिवासी कुणीच नव्हते. 1598 मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव बेटाला दिलं. त्यांच्या काळात आणि त्यांनी आणलेल्या उंदीर-डुकरांच्या काळात डोडो पक्षी संपला. ऊसही त्यांनीच आणला, 1639 मध्ये, जावाहून. नंतर फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रज आले. ऊस तोडायला आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम होते. ल मॉर्नचा तो डोंगर पळून गेलेल्या गुलामांच्या लपण्याची जागा होता. आपण त्याच्या पायथ्याशी सेल्फी काढतो. 1835 मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. ऊस मात्र शेतात उभा होता. तो तोडणार कोण?

उत्तर भारतात सापडलं. 2 नोव्हेंबर 1834 ला कलकत्त्याहून 'ॲटलस' जहाज पोर्ट लुईला लागलं, त्यात 36 मजूर होते. पुढच्या आठ-नऊ दशकांत जवळपास पाच लाख लोक असे आले. बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानानं थोडे, आणि त्यांतले बरेचसे आपल्या कोकणातले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरात आजही गणपती बसतो, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

आता त्यांचा करार बघा. इंग्रजी 'ॲग्रीमेंट'चं लोकांच्या तोंडी झालं 'गिरमिट'. सुरुवातीच्या करारात मुदत पाच वर्षं आणि पुरुषाला महिना पाच रुपये. वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ. काही महिन्यांचा पगार आगाऊ. गावातून माणसं गोळा करणारा एक आणि शेतावर देखरेख करणारा 'सरदार' दुसरा. आणि एक नियम होता, त्याला म्हणायचे 'डबल कट'. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी मोबाईल खाली ठेवला.

आमच्याकडे त्याला 'खाडा' म्हणतात. बाहेरच्यांसाठी सांगतो. आपल्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. सीझनच्या आधी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती ऊस तोडून फेडायची. पहाटे फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एखाद्या दिवशी काम चुकलं की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो. मी सात वर्षांचा असताना आण्णांना ताप भरला. तीन दिवस ते कोपीत पडून होते. आई एकटी फडात गेली, पण कोयता जोडीचा, अर्धा चालत नाही. पट्टा पडला, हिशोब झाला, तेव्हा ते तीन दिवस वहीत खाडा म्हणून लागले होते. फिटलेली उचल पुन्हा अंगावर आली आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावं लागलं. मी त्या वर्षी शाळेत गेलोच नाही.

मला एकाला एक जोडून मोकळं व्हायचं नाही. त्यांना समुद्रापार नेलं, परत यायची खात्री नव्हती. आमची माणसं उन्हाळ्यात घरी येतात. त्यांना काम सोडलं म्हणून तुरुंगात टाकत, पास जवळ नसेल तर पकडत. आमच्याकडे उलट कायदा आहे. कर्जाच्या बदल्यात माणूस बांधून ठेवायला 1976 पासून बंदी आहे. फरक मोठा आहे. पण आगाऊ पैसा, मधला माणूस आणि आजारपणाचा दंड या तीन गोष्टी तेव्हाही होत्या आणि माझ्या आईच्या हिशोबातही होत्या.

तिथे पुढे काय झालं? 1871 मध्ये नऊ हजारांहून जास्त मजुरांनी एका अर्जावर सह्या-अंगठे दिले. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळेवाल्यानं त्यांना साथ दिली. इतर मळेवाले त्याच्यावर खवळले, पण लंडनहून चौकशीसाठी आयोग आला आणि 1875 मध्ये त्याचा अहवाल निघाला. सगळं एका दिवसात बदललं नाही. पण तक्रार कागदावर आली.

शेवटच्या दिवशी मी पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघितला. पूर्वी त्याला 'कुली घाट' म्हणत. जहाजातून उतरलेली माणसं ज्या दगडी पायऱ्या चढून बेटावर आली, त्या सोळा पायऱ्या जपून ठेवल्यात. 2006 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, आणि 2 नोव्हेंबरला देशभर सुट्टी असते. त्या ड्रायव्हरनं मला मोबाईलमध्ये एक जुना फोटो दाखवला. फेटा बांधलेला एक माणूस, नजर थेट कॅमेऱ्यात. खाली नंबर. हे फोटो आणि नोंदवह्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. सरकारनं मजुरांवर पाळत ठेवायला हे फोटो काढले होते. आज त्याच नंबरावरून पतवंडं आपलं गाव शोधतात.

"आपके यहाँ भी होगा रेकॉर्ड," तो म्हणाला.

मी मान हलवली. पण मला माहीत होतं. माझ्या आईनं इतकी वर्षं ऊस तोडला आणि त्या कारखान्याच्या कामगारांच्या यादीत तिचं नाव नाही. करार मुकादमाशी, हिशोब मुकादमाच्या वहीत, आणि तोही आण्णांच्या नावानं. सीझन संपला की वही बदलते. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या, चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा कुठे या बायका मोजायला लोक गावोगाव गेले. नंतर ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, नोंदणीची बोलणी झाली. चांगलंच आहे. पण आजवर जे तोडून गेले, त्यांचा नंबरसुद्धा कुठे नाही.

परत आल्यावर आईला फोटो दाखवले. समुद्र बघून ती "लई निळं हाय" म्हणाली आणि पुढे सरकवत गेली. दगडांच्या ढिगाचा फोटो आला तिथे थांबली. दोन बोटांनी मोठा करून बघितला.

"हे कुणी रचलं?"

मी सांगितलं.

"मंग नावं लिव्हलीत का त्यांची तिथं?"

त्या रात्री मी तिच्यासमोर मोबाईल ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. पहिली उचल किती होती, मुकादम कोण होता, कोणत्या साली कुठल्या कारखान्याला गेले, किती खाडे लागले. तिला साल आठवत नाही. तिला आठवतं, "तू पोटात व्हतास तवा", "म्हैस विकली तवा". आम्ही दोघं मिळून साल लावतोय. आतापर्यंत अकरा सीझन झालेत.

तर मंडळी, दिवाळीनंतर आमच्या चौकातून पुन्हा भरलेले ट्रक जातील. वर संसार, मागे बैल, मध्ये पोरं. तुमच्या घरात कुणी ऊस तोडला असेल तर त्यांच्यासमोर मोबाईल ठेवा आणि विचारा. ज्यांचं नाव सांगायला हरकत नसेल, त्यांचा आवाज मला पाठवा. नसेल तर स्वतःजवळ जपून ठेवा, पण ठेवा.

पुढच्या एपिसोडमध्ये आईचा आवाज ऐकवतो. ती लाजतेय, पण हो म्हणालीये. भेटू.