यमाचे दार आणि भुयारातील स्वामी

मृत्यूनंतर माणूस उरतो की नाही, हा प्रश्न कठोपनिषदातील नचिकेत्याने प्रत्यक्ष यमासच विचारला. तीन रात्री उपाशी राहिलेल्या त्या मुलास यमाने धन, राज्य, दीर्घायुष्य देऊ केले. पण तो ढळला नाही, आणि अखेर यमास बोलावेच लागले. मृत्यू हा गुरू, ज्ञान हे फळ आणि धर्म ही त्याकडे नेणारी वाट, अशी ही जुनी व्यवस्था होय.

मराठी कथेत तिला सर्वांत खोल तडा कोणी दिला, असे विचारल्यास आम्ही जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचे नाव घेऊ. धारवाडच्या कन्नड मुलखात इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या या लेखकाच्या ‘पिंगळावेळ’ (१९७७) संग्रहात ‘स्वामी’ ही कथा आहे. एका वाटसरूस महंत मठात नेतो, भुयारी खोलीत कोंडतो आणि त्यालाच मठाचा स्वामी ठरवितो. महंत क्रूर नाही. तो नम्र आहे, त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे. वकिली करणाऱ्या आम्हांस हेच अधिक भयंकर वाटते: येथे आरोप नाही, निवाडा नाही, केवळ शिक्षा आहे आणि तिलाच पूजा हे नाव आहे.

आमच्या उकव्यास मँगनीजची भूमिगत खाण आहे. तेथे उतरलेला माणूस पाळी संपली की वर येतो. स्वामीला ती वाट नाही. वर जाते ती केवळ एक वेल. तिला उजेडाकडे धाडून तो मरतो.

अर्जेंटिनाच्या बोर्हेसनेही १९४९ साली असाच एक भूमिगत बंदी रंगविला. त्या पुरोहितास जाळीपलीकडील जग्वारच्या ठिपक्यांत ईश्वराची अक्षरे सापडतात. त्या मंत्राने तो मुक्त होऊ शकतो. पण ज्याने विश्व पाहिले त्यास स्वतःच्या सुटकेचे अगत्य उरत नाही. तो मौन पाळतो.

दोन्ही भुयारांत यम बोलत नाही. बोर्हेसच्या बंद्यास ज्ञान मिळते, पण ते सांगण्याची इच्छा उरत नाही; जी. एं.च्या स्वामीस ज्ञानी ठरविले जाते, पण त्याच्या हाती एक बीजच असते. यास कोणी नास्तिकता म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. नचिकेत्याचा प्रश्न या कथांनी सोडून दिलेला नाही. तयार उत्तर विकणारा महंत तेवढा त्यांनी ओळखला आहे.