तीन फुल्या आणि एक आडनाव

ऑस्ट्रियाच्या उत्तरेला, बोहेमियाच्या सीमेजवळ डोलर्सहाइम नावाचे एक गाव होते. तिथल्या चर्चच्या जन्मनोंदवहीत ७ जून १८३७ रोजी शेजारच्या श्ट्रोनेस या वस्तीत जन्मलेल्या एका मुलाची नोंद आहे. मुलाचे नाव आलोइस, आईचे मारिया आन्ना शिकलग्रुबर. आई अविवाहित, वय चाळिशीच्या पुढे. बापाचा रकाना कोरा. पुढे एकोणचाळीस वर्षांनी त्याच नोंदीवर पुन्हा लेखणी फिरली. ‘शिकलग्रुबर’ हे आडनाव गेले, ‘अनौरस’ या शब्दाच्या जागी ‘औरस’ आले आणि कोऱ्या रकान्यात बापाचे नाव लिहिले गेले : गेओर्ग हिटलर. साक्षीदारांच्या सह्यांच्या जागी तीन फुल्या आहेत.

‘हिटलर’ हा शब्द मराठीने केव्हाच आपला करून टाकला आहे. ‘हिटलरशाही’ हा शब्द आपल्या अग्रलेखांत आणि भाषणांत ‘मोगलाई’च्या शेजारी सुखाने नांदतो. शिस्तीच्या मास्तरांना आणि खडूस साहेबांना आपण हे नाव बहाल करतो. पण हे मुळात एक आडनाव आहे, त्याला अर्थ आहे, गाव आहे, भाऊबंद आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. एखाद्या आडनावाचा उगम आणि त्याची संख्या हा विषय वरकरणी हौशी माणसांचा वाटतो. या एका आडनावाच्या बाबतीत मात्र तो थेट विसाव्या शतकाच्या काळजाला हात घालतो.

जर्मन भाषेतील आडनावांचे साधारण चार वर्ग पडतात. काही धंद्यावरून आलेली : म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी. काही बापाच्या नावावरून, काही अंगच्या एखाद्या लकबीवरून वा खोडीवरून आणि काही राहत्या जागेवरून. या शेवटच्या वर्गातल्या नावांना बहुधा ‘-अर’ किंवा ‘-लर’ हा प्रत्यय लागतो. आपल्या ‘-कर’शी त्याचे काम जुळते. ‘ग्रुबर’ म्हणजे खळग्यापाशी राहणारा. डोंगराळ ऑस्ट्रियात खळग्यांना तोटा नाही, त्यामुळे ग्रुबर हे तिथले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव ठरले. शिकलग्रुबर हा त्याच झाडाचा एक आडवळणाचा फाटा.

हिटलरही याच वर्गातले. जर्मनमध्ये ‘ह्युट्टं’ म्हणजे खोपटे, झोपडी. खोपट्यात राहणारा, जेमतेम जमिनीचा तुकडा असलेला तो ‘ह्युटलर’. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या बोलीत ‘यु’चा उच्चार ओठ गोल न करता ‘इ’ असा होतो. त्यामुळे बोलताना ह्युटलरचा हिटलर आपोआप होतो. दुसरी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. त्या बोलीत जमिनीखालून वाहणाऱ्या झऱ्याला ‘हीडल’ असा शब्द आहे. अशा झऱ्याजवळ राहणारा तो हीडलर. दोन्ही अर्थांत राजेशाही थाट कुठेच नाही. मराठीत गमतीने रूप द्यायचे झाले तर ‘खोपटकर’ किंवा ‘झरेकर’ असे काहीतरी होईल.

हे नाव ज्या भागातले, त्याला वाल्डफिर्टेल म्हणतात. अर्थ साधा : रानाचा प्रदेश. खडकाळ जमीन, लांब हिवाळा, तुटपुंजी शेती. या टापूतल्या चर्चच्या वह्यांत हीडलर, हीटलर, ह्युटलर, ह्युट्लर, हिटलर अशी रूपे एकाच कुळासाठी येतात. दोन सख्ख्या भावांचेच उदाहरण पाहा. थोरला योहान गेओर्ग हीडलर हा गिरण्यांमधून मजुरी करत हिंडणारा कामगार. धाकटा योहान नेपोमुक ह्युटलर हा श्पिटाल गावचा बऱ्यापैकी शेतकरी. आईबाप एकच, आडनावे कागदावर दोन. यात लपवाछपवी काही नाही. बोलणाऱ्याला लिहिता येत नसे आणि लिहिणारा कानाला पडेल ते टिपत असे. शुद्धलेखन सरकारने अजून ताब्यात घेतले नव्हते.

आडनावांची मोजदाद करणाऱ्याला नेमकी इथेच ठेच लागते. आधुनिक काळात जर्मन अभ्यासकांनी २००५च्या दूरध्वनी जोडण्यांच्या आधारे आडनावांचा एक मोठा नकाशासंग्रह तयार केला. सुमारे २ कोटी ८० लाख जोडण्यांमध्ये त्यांना साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावे सापडली. म्युलर पहिल्या क्रमांकावर, श्मिट दुसऱ्या. पण या साडेआठ लाखांत प्रत्येक वेगळी जोडणी हे वेगळे नाव धरले आहे. मायर हे एकच आडनाव जर्मन लिपीत पाच-सहा तऱ्हांनी लिहिले जाते; उत्तरेची तऱ्हा वेगळी, दक्षिणेची वेगळी. म्हणून एखादे आडनाव ‘दुर्मीळ’ आहे असे म्हणताना पुष्कळदा त्या नावाची एक विशिष्ट वर्तनी दुर्मीळ असते. कूळ मात्र दुसऱ्या अक्षरांआड सुखरूप असते. हिटलर ही अशीच दुर्मीळ वर्तनी होती. ती एका घराण्याला कायमची चिकटली त्याला कारण आहे ते १८७६ सालचे.

मारिया आन्नाने १८४२ साली योहान गेओर्ग हीडलरशी लग्न केले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. लग्नानंतरही त्याचे आडनाव शिकलग्रुबरच राहिले, आणि त्याला वाढवले ते धाकट्या भावाने, नेपोमुकने. १८४७ला आई वारली, १८५७ला गेओर्ग. आलोइस चांभारकाम शिकला, व्हिएन्नाला गेला, १८५५मध्ये जकात खात्यात लागला आणि शेतमजुरांच्या घरातल्या मुलाला मिळणार नाही इतकी बढती मिळवत गेला. त्या काळी ऑस्ट्रियाच्या खेड्यांत विवाहबाह्य जन्म ही विरळा गोष्ट नव्हती. गड्यांना आणि मोलकरणींना घर थाटण्याची ऐपत येईपर्यंत लग्न लांबत असे. शिकलग्रुबर या नावाने आलोइसच्या नोकरीत काही अडल्याचे दिसत नाही.

तरीही जून १८७६ मध्ये वाइट्रा या गावी नोटरीसमोर तीन साक्षीदारांनी जबाब दिला की, गेओर्गने हयातीत हे मूल आपले असल्याचे मान्य केले होते. दुसऱ्या दिवशी डोलर्सहाइमच्या पाद्रीबुवांनी नोंदवहीत बदल केला. ऑस्ट्रियाच्या दिवाणी कायद्यात आईबापांच्या मागाहून झालेल्या लग्नाने मूल औरस ठरण्याची तरतूद होतीच. फक्त त्या दिवशी बापाला मरून एकोणीस वर्षे झाली होती आणि आईला एकोणतीस. नोटरीच्या कागदात हीडलर नाही, ह्युटलरही नाही, ‘हिटलर’ असे आले. तेच वहीत उतरले. नेपोमुकला आपल्या घराण्याचे नाव पुढे चालावे असे वाटत असावे, वारशाचा प्रश्न असावा, किंवा नेपोमुक हाच खरा बाप असावा, असे तर्क इतिहासकारांनी केले आहेत. कागद त्यांपैकी कशालाच दुजोरा देत नाही. कागद एवढेच सांगतो की, एका प्रौढ सरकारी नोकराला तीन माणसांच्या तोंडी जबाबावर बाप मिळाला आणि एका लेखनिकाच्या कानावर आडनाव. त्या आलोइसला १८८९ साली ब्राउनाउ येथे झालेला मुलगा म्हणजे अडॉल्फ. तरुणपणीच्या मित्राने, आउगुस्ट कुबिझेकने, लिहून ठेवले आहे की, बापाने केलेल्या या बदलावर अडॉल्फ फार खूश होता. शिकलग्रुबर हे नाव त्याला फारच गावंढळ वाटे.

इथपर्यंतची हकिगत कोणत्याही खेड्यातली असू शकते. पुढचे तसे नाही. एप्रिल १९३३ मध्ये जर्मनीत सरकारी नोकरांसाठी कायदा झाला आणि आजी-आजोबा ‘आर्य’ असल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. एसएसच्या उमेदवाराला आपली वंशावळ १८०० सालापर्यंत मागे न्यावी लागे, अधिकाऱ्याला १७५०पर्यंत. पूर्वजांच्या नोंदींची छापील पुस्तिका घरोघरी आली. पाद्री आणि नोंदणी कारकून जुन्या वह्यांतून उतारे काढून देण्यात बुडून गेले. वंशशास्त्राच्या नावाने चाललेल्या या सगळ्या उद्योगाला रक्त तपासण्याचे कोणतेही साधन नव्हते. नोव्हेंबर १९३५च्या नियमांनी तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू असलेला माणूस ज्यू ठरवला. आणि आजोबा ज्यू होते की नाही, हे ठरवायला पुरावा घेतला तो धर्माच्या नोंदीचा. म्हणजे वंश ठरत होता तो वहीतल्या रकान्यावरून.

या मापाने शासनकर्त्याचे स्वतःचे माप काढले तर काय दिसते? पित्याच्या बाजूचा आजोबा हा मूळ नोंदीत कोरा रकाना. १९३७ साली लाइपझिगमधून त्याची अधिकृत थाटाची वंशावळ प्रसिद्ध झाली. तिच्यात आजोबांच्या जागी गेओर्ग हीडलर आहे. हजारो नागरिकांना ज्या एका कागदाअभावी नोकरी गमवावी लागली, पुढे देश आणि प्राणही गमवावे लागले, तो कागद सत्ताधीशाच्या बाबतीत तीन फुल्यांवर निभावला.

याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. व्याप्त पोलंडचा गव्हर्नर हान्स फ्रांक याने १९४६ मध्ये फाशीपूर्वी तुरुंगात आठवणी लिहिल्या. हिटलरची आजी ग्राझ शहरात फ्रांकनबर्गर नावाच्या ज्यू कुटुंबाकडे कामाला होती आणि मूल त्या घरातले, असे त्याने त्यांत म्हटले. ती बाई ग्राझला होती याला कागदोपत्री आधार नाही, आणि बहुतेक इतिहासकारांनी ही कथा बाजूला सारली आहे. तरी ती अजून फिरते. ती फिरण्याचे कारण मला अधिक चिंताजनक वाटते. माणसाच्या कर्माचा खुलासा त्याच्या आजोबांच्या रक्तात शोधायचा, हा तर त्याच राजवटीचा न्याय. तिचा निषेध करणाऱ्यांनीही नकळत तोच वापरावा, इतका तो खोल मुरला आहे.

आडनावांवर सत्तेची लेखणी चालण्याची ही पहिली वेळ नव्हती. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८७च्या फर्मानाने आपल्या राज्यातील ज्यूंना कायमची जर्मन आडनावे घ्यायला लावली होती. दीडशे वर्षांनी ती नावे शेजाऱ्यांच्या नावांत इतकी मिसळली की, नावावरून माणूस ओळखू येईना. मग १७ ऑगस्ट १९३८च्या आदेशाने ज्यू पुरुषांच्या नावात ‘इस्राएल’ आणि स्त्रियांच्या नावात ‘सारा’ घालणे सक्तीचे झाले. आधी मिसळायला लावले, मग मिसळले म्हणून शिक्का मारला.

आडनावे मरतात, हे गणिताला ठाऊक आहे. इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन याने १८७३ मध्ये प्रश्न मांडला की, प्रत्येक पिढीत मुलगे कमी-अधिक होत असताना किती आडनावे काळाच्या ओघात नाहीशी होतील. हेन्री वॉटसन या पाद्रीबुवांनी त्याला उत्तर दिले. दुर्मीळ नावे केवळ योगायोगानेही संपतात, कुणी मारावे लागत नाही. हाच गाल्टन १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजननशास्त्र हा शब्द घडवतो, हा इतिहासाचा एक कडवट योग आहे.

हिटलर हे आडनाव मात्र योगायोगाने संपले नाही. ज्यांच्याकडे ते होते त्यांनीच ते सोडले. धाकटी बहीण पाउला हिने भावाच्याच सांगण्यावरून १९३६च्या सुमारास ‘वोल्फ’ हे नाव घेतले होते. ती १९६० मध्ये वारली. सावत्र भाऊ आलोइस युद्धानंतर एक अक्षर बदलून ‘हिलर’ झाला. त्याचा लिव्हरपूलमध्ये जन्मलेला मुलगा विल्यम पॅट्रिक अमेरिकेच्या नौदलात काकाविरुद्धच्या युद्धात उतरला आणि नंतर ‘स्टुअर्ट-ह्यूस्टन’ या नावाने जगला. आज जर्मनीच्या दूरध्वनी यादीत हे आडनाव जवळजवळ नाही. हीडलर आणि ह्युटलर मात्र आहेत, कारण त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी करणाऱ्या कारकुनाच्या कानाला थोडे वेगळे ऐकू आले होते. अक्षराच्या फरकाने ती घरे वाचली.

जर्मनीत आडनाव बदलायचे तर सबळ कारण दाखवावे लागते. त्यासाठीचा मूळ कायदा ५ जानेवारी १९३८चा. ज्यूंना वेगळे काढणारी कलमे त्यातून गेली, पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण कायदा त्याच तारखेचा अजून चालू आहे. म्हणजे युद्धानंतर ज्याला हे आडनाव पुसायचे होते, त्यालाही त्याच राजवटीने आखलेल्या खिडकीतून अर्ज द्यावा लागला.

डोलर्सहाइम आणि श्ट्रोनेस आज वस्तीची गावे राहिलेली नाहीत. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीला जोडल्यावर तिथे लष्करी सरावाचे मैदान आखले गेले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ७ हजार माणसांना घरेदारे सोडावी लागली. युद्धानंतर रशियन सैन्याने आणि मग ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते मैदान वापरले. आजोबांचा माग पुसण्यासाठीच हे केले, अशी एक आवडती गोष्ट सांगतात. पण पुसायचा तो मुख्य पुरावा म्हणजे चर्चच्या वह्या, आणि त्या शाबूत आहेत. १८३७ सालची ती नोंद आजही वाचता येते. तिच्यात एक आई आहे, तिचे मूल आहे, आणि मागाहून भरलेला एक रकाना आहे.